पाहुण्याची मुदत

१९४६ च्या विदेशी व्यक्ती कायद्यात तेरावे कलम होते. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाचा मथितार्थ असा : एखाद्याने हा कायदा किंवा त्याखालचा आदेश मोडला आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, त्याची अटक, खटला किंवा शिक्षा टळावी या हेतूने जो कोणी त्याला कसलीही मदत करेल, त्याने त्या गुन्ह्याला अपप्रेरणा दिली असे समजले जाईल. नातेवाईक हा शब्द या पोटकलमात कुठेही नाही. पण मुदत संपल्यावर परक्या देशातला माणूस राहतो कुणाकडे? लॉजवर राहिला तर लॉजवाला चोवीस तासांत पोलिसांना फॉर्म भरून कळवतो. म्हणून तो राहतो बहिणीकडे, मामाकडे, चुलतभावाकडे. कायदा बोलत होता ‘कोणीही’ असे, आणि त्याचा रोख जात होता घरातल्या माणसाकडे.

व्हिसाची मुदत संपलेल्या नातलगाला घरी ठेवले तर नेमके काय होऊ शकते, हा प्रश्न आज अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी माणसाचा वाटतो. आपल्याकडे तो त्याहून जुना आहे. फाळणीनंतरच्या दहा वर्षांत तो घडत गेला, आणि त्याची कागदपत्रे न्यायालयीन निकालांत विखुरलेली आहेत. मी ती गेली काही वर्षे जमेल तशी वाचतो आहे. त्यांत आरोपी दिसतो, सरकार दिसते, व्हिसाची तारीख दिसते. ज्याच्या घरी तो आरोपी वर्षभर जेवला-झोपला, तो यजमान मात्र क्वचितच दिसतो. या लेखात मी त्या यजमानाच्या बाजूने हा इतिहास वाचायचा प्रयत्न करणार आहे.

सुरुवात कायद्याच्या जन्मापासून करावी लागेल. १९३९ मध्ये युद्ध जवळ येऊ लागले तेव्हा ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानातल्या जर्मनांवर नजर ठेवायची होती. पुढे इटालियन आणि जपानी त्यात आले. त्यासाठी विदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा कायदा त्याच वर्षी झाला, आणि युद्धकाळातल्या तात्पुरत्या कायद्यांच्या जागी १९४६ च्या नोव्हेंबरात कायमचा कायदा आला. परकीय माणसाला कुठे राहायचे, कधी जायचे, कुणाला भेटायचे, हे ठरवण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार त्याने सरकारला दिले. आपण विदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही नवव्या कलमाने त्या माणसावरच टाकली. मात्र या कायद्यातला ‘विदेशी’ म्हणजे ढोबळमानाने ब्रिटिश प्रजाजन नसलेला माणूस. कराचीचा, लाहोरचा, ढाक्याचा माणूस त्या व्याख्येत बसत नव्हता. बसणार तरी कसा? नऊ महिन्यांनी देशाचे दोन तुकडे होणार आहेत हे तो कायदा लिहिणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते.

कराचीचा उल्लेख मी मुद्दाम केला. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला, तोपर्यंत कराची हे मुंबई इलाख्यातले शहर होते. मुंबईहून बोटीने तिथे जाणे म्हणजे परगावी जाणे, परदेशी नव्हे. मराठी शिक्षक, कारकून तिथे होते. कोकणातले मुसलमान खलाशी आणि गोदी कामगार म्हणून मुंबईसारखेच कराचीलाही जात. त्यांची वस्ती तिथे आजही आहे. एक भाऊ माझगावच्या गोदीत, दुसरा कराचीच्या, आणि बहीण खाडीकाठच्या गावी. अशा घरांनी १९४७ साली कुठला देश निवडला, हा प्रश्नच अनेकदा चुकीचा असतो. ज्याची नोकरी जिथे होती, तिथे तो राहिला. देश नंतर ठरला.

‘नंतर’ ला एक तारीख आहे : १९ जुलै १९४८. या दिवसापासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला पर्मिट लागू लागले. त्याआधीचे काही महिने, दंगलींच्या भीतीने गेलेले मुसलमान मोठ्या संख्येने दिल्लीत आणि उत्तर प्रदेशात परत येत होते, आणि त्यांच्या घरांत पंजाबहून आलेले निर्वासित राहत होते. परत येणाऱ्यांना अडवण्यासाठी वटहुकूम निघाला. १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला. पाकिस्ताननेही १९४८ च्या ऑक्टोबरात आपली प्रवेशबंदी आणली. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर मात्र पर्मिट नव्हते; तिथली ये-जा १९५२ पर्यंत मोकळी राहिली. १९ जुलैची ही तारीख पुढे थेट राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात जाऊन बसली. पाकिस्तानातून तिच्याआधी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना दुसरा.

पर्मिटांचे प्रकार होते. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला तात्पुरते, कायमचे परत येणाऱ्याला वेगळे, व्यापारासाठी वारंवार ये-जा करणाऱ्याला वेगळे. तात्पुरते पर्मिट त्या मानाने लवकर मिळे, कायमचे महाप्रयासाने. त्यामुळे आईला भेटायला निघालेला माणूस तात्पुरते पर्मिट घेऊन येई आणि पुढचे पुढे पाहू म्हणून राही. ‘मुदतीपेक्षा जास्त राहिलेला नातलग’ हा आपल्याकडचा माणूस इथे जन्माला आला. परदेशी जाऊन तिथेच राहून गेलेल्यांपैकी तो नव्हता. तो स्वतःच्याच घरी परत आलेला होता, फक्त हातातला कागद पाहुण्याचा होता.

त्या कागदाचे वजन किती होते, हे बिहारमधल्या एका जमीनदार घराण्यातल्या स्त्रीच्या खटल्यात दिसते. ती जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. डिसेंबरात तात्पुरत्या पर्मिटवर परत आली आणि मुदत संपल्यावर एप्रिल १९४९ मध्ये निमूटपणे परत गेली. म्हणजे तिने मुदत पाळली. पण १९५५ साली सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला तेव्हा नेमके हेच तिच्या विरोधात गेले. मी पाकिस्तानची रहिवासी आहे असे सांगून तिने तात्पुरते पर्मिट घेतले होते, त्या अर्थी तिने स्थलांतर केले होते, आणि त्या अर्थी तिची मालमत्ता ‘निष्क्रांत’ ठरत होती. जास्त दिवस राहिले तर तुरुंग, वेळेत गेले तर घर आणि जमीन हातची गेली. नातलगांनी कुठला सल्ला द्यायचा?

नातलगांच्या स्वतःच्या डोक्यावरही तलवार होती. निष्क्रांत मालमत्तेच्या कायद्यात १९४९ पासून ‘निष्क्रांत होऊ पाहणारा’ अशी एक वर्गवारी होती. भारतातच राहणाऱ्या, कधीही सीमा न ओलांडलेल्या माणसाने आपली मालमत्ता किंवा तिचा काही भाग पाकिस्तानात पाठवला, तर त्याच्यावर हा शिक्का बसू शकत होता. आणि मग कस्टोडियनच्या परवानगीखेरीज त्याला घरदार विकणे अवघड होई. कराचीतल्या भावाला पैसे पाठवणारा मुंबईतला भाऊ त्यामुळे घाबरून असे. ही वर्गवारी १९५३ मध्ये रद्द झाली. पण नात्यापोटी केलेल्या कृतीतून सरकार माणसाची निष्ठा वाचते, हा धडा घरोघरी गिरवून झाला होता.

घटना समितीत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या तरतुदींवर तीन दिवस वादळी चर्चा झाली. पर्मिट घेऊन कायमचे परत आलेल्यांना नागरिक मानणारी सवलत, जी आज सातव्या अनुच्छेदात आहे, अनेक सदस्यांना अजिबात मान्य नव्हती. अमरावतीचे पंजाबराव देशमुख या चर्चेत आघाडीवर होते. नागरिकत्व इतके स्वस्त करू नका, असा त्यांचा मुद्दा होता. नेहरूंनी सवलतीची बाजू घेतली. मला या चर्चेत लक्षणीय वाटते ते असे, की दोन्ही बाजू निष्ठेबद्दल आणि मालमत्तेबद्दल बोलत होत्या. आजारी आई, बाळंतपणाला आलेली मुलगी, वडिलांच्या फातिहासाठी आलेला मुलगा यांच्यासाठी कायद्यात काही जागा ठेवावी, असा स्वतंत्र विचार तिथे आकाराला आला नाही. नाते हे प्रशासनाच्या नजरेत प्रवासाचे कारण राहिले, हक्काचे कारण झाले नाही.

ऑक्टोबर १९५२ मध्ये पर्मिट जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आले. पर्मिटचा कायदाच रद्द झाला. त्याच्या सातव्या कलमाबद्दलचा निकाल मात्र दोन वर्षांनी, १९५४ मध्ये आला. ‘इब्राहिम वजीर मावत विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, की पर्मिटचा गुन्हा केल्याच्या नुसत्या वाजवी संशयावरून भारताच्या नागरिकाला देशाबाहेर काढता येणार नाही; असा अधिकार सरकारला देणारे कलम घटनाबाह्य आहे. कलम पडले, पण त्याखाली तोवर जे सीमेपलीकडे पोचवले गेले होते, त्यांचे संसार तिकडे सुरू झाले होते.

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. पासपोर्ट आला, व्हिसा आला, मुदत आली. पण १९४६ च्या कायद्यातली ‘विदेशी’ ची व्याख्या तशीच होती. पाकिस्तानी पासपोर्टवर आलेला माणूस त्या व्याख्येनुसार विदेशी नव्हताच! ही चूक १९ जानेवारी १९५७ पासून दुरुस्त झाली. त्या दिवसापासून भारताचा नागरिक नसलेला प्रत्येक जण विदेशी ठरला. १९६१ च्या ‘फिदा हुसेन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ उलगडला. हा माणूस १९५३ मध्ये पाकिस्तानी पासपोर्ट आणि व्हिसावर आला आणि मुदतीनंतरही राहिला. न्यायालय म्हणाले, तो आला तेव्हा कायद्याच्या भाषेत विदेशी नव्हता. म्हणून विदेशी माणसाने मुदतीत परत जावे हा आदेश त्याला लागू होत नव्हता. तो सुटला.

आता हेच यजमानाच्या बाजूने पाहा. जिथे मूळ गुन्हाच नाही, तिथे अपप्रेरणा कसली? १९५७ च्या आधी अशा पाहुण्याला ठेवून घेणाऱ्याविरुद्ध निदान या कायद्याचे तेरावे कलम टिकले नसते. जानेवारी १९५७ नंतर तोच काका, तीच खोली, तेच ताट, आणि यजमान मात्र कायद्याच्या कक्षेत. घरातल्या कुणाला त्या तारखेचा पत्ताही नसणार.

बऱ्हाणपूरचा खटला याच काळातला. आमच्या खानदेशाला लागून, तापीकाठचे हे गाव. पीर मोहम्मद आणि त्याची बायको मे १९५६ मध्ये पाकिस्तानी पासपोर्टवर तिथे आले आणि व्हिसा संपल्यावरही राहिले. वर्षभराने, मे १९५७ मध्ये, जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी देश सोडण्याची नोटीस दिली. ते गेले नाहीत, खटला झाला. त्यांचे म्हणणे एवढेच, की आपण भारताचेच नागरिक आहोत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एक महत्त्वाची रेघ आखली : २६ जानेवारी १९५० नंतर गेलेल्याचे नागरिकत्व संपले की नाही, हे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली केंद्र सरकारने चौकशी करून ठरवायचे. ते ठरत नाही तोवर त्याला विदेशी धरून शिक्षा करता येणार नाही. हा निकाल वाचताना माझ्या मनात राहून राहून येते ते मधले एक वर्ष. मे ते मे. बऱ्हाणपूरसारख्या दाट वस्तीच्या गावात वर्षभर एक जोडपे राहते, म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक असते. ते ‘लपवणे’ होते का?

कायद्याचा सगळा प्रश्न या एका शब्दापाशी येऊन थांबतो, आणि तो मला पहिल्यांदा समजला तो पुस्तकातून नाही. १९८० च्या दशकात मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करत होतो. खाडीपलीकडच्या गावातले एक वयस्क गृहस्थ एकदा सकाळी आले. त्यांची सख्खी बहीण लग्न होऊन फाळणीआधीच कराचीला गेलेली. चाळीस वर्षांत ती दुसऱ्यांदा माहेरी आली होती, आणि आल्यावर तिला झटका आला. अर्धे अंग लुळे. व्हिसाचे नऊ दिवस उरले होते.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “ती बोटीत चढायची नाय, गाडीत बसायची नाय. तिला मी काय सांगू, तुझी मुदत भरली म्हणून? ठेवून घेतली तर मला काय होईल तेवढं सांगा. तिला काय होईल ते मला ठाव आहे.”

त्या काळी पाकिस्तानी पाहुण्याचा व्हिसा देशाचा नसे, गावांचा असे. व्हिसावर जी गावे लिहिली असतील तिथेच जायचे, पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांत हजेरी, निघण्याआधी पुन्हा हजेरी. त्यामुळे ती आलेली आहे आणि कुठे आहे, हे पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात आधीच होते. आमच्या वकीलसाहेबांनी नेमके तेच धरले. ते म्हणाले, “चाचा, घरी ठेवणं निराळं आणि दडवणं निराळं. नऊ दिवस आहेत तोवर अर्ज करा. सिव्हिल सर्जनचा दाखला जोडा. अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून घ्या. दहाव्या दिवशी हवालदार आला तर त्याला आत घ्या, बहीण दाखवा, चहा पाजा आणि पोच दाखवा. मागच्या दाराने तिला मुलीच्या गावी हलवलीत, तर मग मला वकीलपत्र द्यावं लागेल.”

अर्ज मी टंकलिहिला. जिल्हा पोलीस कार्यालयातून मुदतवाढ मिळाली. पहिल्यांदा काही आठवड्यांची. दुसरा अर्ज बरेच दिवस पडून राहिला. त्या काळात हवालदार दोनदा येऊन गेला, आणि दोन्ही वेळा त्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे केले. तिसऱ्या महिन्यात बाई काठी धरून चालू लागल्या. भावाने त्यांना एसटीने मुंबईला नेले, तिथून फ्रंटिअर मेलने अमृतसरला, तिथून अटारीला. बोट १९६५ च्या युद्धापासून बंद होती, राजस्थानातला मुनाबावचा रेल्वेमार्गही तेव्हापासूनच. समुद्रमार्गे एका रात्री-दोन रात्रींचे माहेर आता चार दिवसांच्या वाटेवर गेले होते. परत आल्यावर त्यांनी ठाण्यात जाऊन बहीण गेल्याचे लिहून दिले. तरी पुढचे वर्षभर कुणी ना कुणी शिपाई सणावारी चौकशीला येतच राहिला.

ज्या कलमाने मी लेखाची सुरुवात केली, त्याचा गाभा त्या सल्ल्यात होता. कलमात तीन गोष्टी एकत्र लागतात. गुन्हा झाल्याचे ज्ञान किंवा तसे मानायला कारण, मदत, आणि अटक-खटला-शिक्षा टळावी हा हेतू. पहिल्या दोन गोष्टी नातलगाच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच असतात. बहिणीचा व्हिसा कधी संपला हे भावाला ठाऊक असतेच, आणि जेवण-औषध ही मदतच आहे. तिसऱ्या गोष्टीवर सगळे अवलंबून. जेवू घालणे आणि पोलीस आल्यावर ‘इथे कुणी नाही’ म्हणणे यांत कायद्याने अंतर ठेवले होते. अंतर कागदावर स्पष्ट, आणि दारात उभ्या असलेल्या हवालदारापुढे फार कमी. म्हणून अर्जाची पोच लागते.

आता एक तुलना. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गुन्हेगाराला आसरा देण्याबद्दल कलम २१२ होते. त्याला एक अपवाद होता : आसरा देणारा जर गुन्हेगाराचा नवरा किंवा बायको असेल, तर कलम लागू नाही. फरारी कैद्याला आसरा देण्याच्या कलमात हाच अपवाद, दरोडेखोरांना आसरा देण्याच्या कलमातही तोच. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेनेही तो ठेवला आहे. म्हणजे नवऱ्याने खून केला आणि बायकोने त्याला घरात लपवले, तर तेवढ्यावरून तिला आसऱ्याच्या कलमाखाली शिक्षा होत नाही. बायकोने नवऱ्याला पोलिसांच्या हवाली करावे ही अपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कायदेपंडितांनीही ठेवली नाही. विदेशी व्यक्ती कायद्याच्या तेराव्या कलमात असा अपवाद नव्हता. खुनी नवऱ्यासाठी जी खिडकी होती, ती व्हिसा संपलेल्या नवऱ्यासाठी नव्हती. आणि आई, भाऊ, बहीण यांच्यासाठी तर ती कुठेच नव्हती.

पुढच्या काळात कायदा कडकच होत गेला. १९७४ च्या करारात नातलगांना भेटण्याच्या व्हिसाची रीतसर व्यवस्था झाली. पण पाकिस्तानी पाहुण्यासाठी इथल्या नातलगाने हमीपत्र द्यायचे, ते अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे, ही प्रथाही पक्की झाली. ज्याच्या नात्यामुळे व्हिसा मिळतो, तोच पाहुणा परत जाण्याची हमी देतो. नातलग हा एकाच वेळी व्हिसाचे कारण आणि व्हिसाचा जामीन झाला. २००४ च्या दुरुस्तीने अपप्रेरणेसाठी स्वतंत्र कलम आणले : अपप्रेरणेमुळे गुन्हा घडला तर मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. मुदतीपेक्षा जास्त राहण्याची शिक्षा तेव्हा पाच वर्षांपर्यंत होती. म्हणजे मदत करणाऱ्यालाही तेवढीच. सप्टेंबर २०१२ च्या करारात थोडी हवा खेळली. पासष्टीच्या वरच्या माणसांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांना पोलीस हजेरीतून सूट मिळाली, भेटीच्या गावांची संख्या वाढली. ते वारे फार दिवस टिकले नाही.

२०२५ साली दोन गोष्टी घडल्या. एप्रिलच्या २२ तारखेला पहलगामला पर्यटकांची हत्या झाली, आणि सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक सगळे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसांना आणखी दोन दिवस मिळाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा, जे इथे लग्न करून आलेल्या पाकिस्तानी स्त्रियांना आणि तिथल्या अल्पसंख्याकांना मिळतात, ते वगळले होते. अटारीच्या फाटकावर त्या आठवड्यात आई भारतीय आणि मुले पाकिस्तानी पासपोर्टवर, अशी कुटुंबे उभी असल्याची छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली. मुदत संपणे वेगळे आणि मुदत एका रात्रीत मागे घेतली जाणे वेगळे. पण घरात पाहुणा असलेल्या यजमानासाठी परिणाम एकच : कालपर्यंतचा पाहुणचार आज पुरावा होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा कायदा इतिहासजमा झाला. त्याच्यासह चार जुने कायदे रद्द होऊन आप्रवासन आणि विदेशी व्यक्तींचा एकच नवा कायदा आला. मुदतीपेक्षा जास्त राहण्याची कमाल शिक्षा आता तीन वर्षे किंवा तीन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कमाल तुरुंगवास घटला. दुसरीकडे परदेशी विद्यार्थ्याची माहिती विद्यापीठाने आणि परदेशी रुग्णाची माहिती रुग्णालयाने कळवायची, हे बंधन कायद्यातच आले. अपप्रेरणेचा सर्वसाधारण कायदा न्याय संहितेत आहेच, आणि तो विशेष कायद्यांखालच्या गुन्ह्यांनाही लागू होतो. मदतनीस आधी जिथे उभा होता, तिथेच आहे.

हा प्रश्न आता मराठी घरांत उलट्या दिशेनेही येतो, म्हणून थोडे अमेरिकेबद्दल. तिथे व्हिसाची मुदत उलटून राहणे हा सहसा फौजदारी गुन्हा नाही. तो दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, ज्याचा परिणाम म्हणजे हकालपट्टी आणि पुढची प्रवेशबंदी. पण अशा माणसाला जाणूनबुजून, किंवा बेपर्वाईने, दडवणे किंवा आसरा देणे हा मात्र फौजदारी गुन्हा आहे, आणि पैशाचा लाभ नसला तरी पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. राहणारा गुन्हेगार नाही, ठेवणारा असू शकतो. २०१२ मध्ये इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या राज्यांसाठीच्या अपील न्यायालयापुढे एका स्त्रीचा खटला आला. हद्दपार होऊन बेकायदा परत आलेल्या मित्राला तिने आपल्या घरी राहू दिले होते. न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांनी निकालपत्रात आसऱ्याच्या शब्दाची चिरफाड केली, आणि नुसते सोबत राहू देणे म्हणजे दडवणे नव्हे, असे म्हणून बहुमताने तिची शिक्षा रद्द केली. इतर काही अपील न्यायालये हा शब्द जास्त सैल वाचतात. त्यामुळे कुठल्या राज्यात राहता यावरही धोका अवलंबून. तो निकाल वाचताना मला आमच्या वकीलसाहेबांचे ‘घरी ठेवणं निराळं आणि दडवणं निराळं’ हेच वाक्य इंग्रजीत वाचल्यासारखे वाटले.

या सगळ्या वाचनातून मला दिसते ते असे. सरकारला नात्याची गरज दोनदा लागते : पाहुणा आत येताना हमी म्हणून, आणि पाहुणा बाहेर गेला नाही तर धाक म्हणून. मधल्या काळात, म्हणजे झटका येतो, बाळंतपण अडते, गाडी बंद होते, सीमा बंद होते, त्या काळात नात्याचे काय करायचे, याचे उत्तर आपल्या कायद्याने कधी लिहिलेच नाही. ते ठाणे अंमलदाराच्या समजुतीवर, सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर आणि अर्जाच्या पोचेवर सोडून दिले. ज्यांना वेळेवर शहाणा सल्ला मिळाला ते निभावले. ज्यांनी भीतीपोटी पाहुण्याला या घरातून त्या घरात हलवले, त्यांनी आपल्याच हाताने तो तिसरा घटक, म्हणजे हेतू, पुरवला. भीती हीच पुरावा होते, हा या कायद्याचा सगळ्यांत क्रूर भाग.

उपाय फार मोठा नाही. आसऱ्याच्या कलमातला नवरा-बायकोचा अपवाद दीडशेहून अधिक वर्षे टिकला आहे, आणि त्यामुळे देशातले खुनी मोकाट सुटले असे कुणी म्हटलेले नाही. व्हिसाची मुदत संपलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला, आईला, मुलाला उघडपणे घरी ठेवणारा माणूस, ज्याने पोलिसांना कळवले आहे, तो अपप्रेरक नाही, एवढे एक वाक्य नव्या कायद्यात बसू शकले असते. पाहुण्याने किती दिवस राहावे हे सरकारने जरूर ठरवावे. तेवढ्या दिवसांनंतर त्याला पाणी विचारणाऱ्याला काय म्हणायचे, हेही आता कुणीतरी लिहून ठेवायला हवे.